मागला तांबडा दिवा : जुन्या जर्मन मोटारीच्या वायरिंगाचें कोडें

मोटारीच्या अंगावर जितके दिवे असतात त्या सर्वांत मागल्या तांबड्या दिव्याचें नशीब मोठें चमत्कारिक आहे. पुढल्या दिव्यांचा उजेड चालकाच्या डोळ्यांसमोर पडतो. तो मंदावला कीं त्याला तत्काळ कळतें. हॉर्न वाजेनासा झाला तर कानाला समजतें, ब्रेक ढिला पडला तर पायाला समजतें. मागला दिवा मात्र ज्याच्या गाडीवर असतो त्याला गाडी चालवितांना कधींच दिसत नाहीं. तो असतो दुसऱ्यासाठीं, पाठीमागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठीं. त्यामुळें तो विझला तरी मालकाला पत्ता नसतो. आणि ज्याला पत्ता लागावयाचा त्याला तो फार उशीरां लागण्याचा संभव असतो. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत सुमारें १७ मीटर अंतर कापते. पुढल्या गाडीनें ब्रेक लावला हें मागल्या चालकास एक सेकंद उशीरां समजलें, तर दोन गाड्यांमधलें तेवढें अंतर तोंपर्यंत संपून गेलेलें असतें. एवढा भार ज्याच्यावर टाकलेला आहे तो बल्ब आकारानें आंवळ्याएवढा असतो.

हल्लींच्या गाड्यांत बल्ब गेल्यास चालकासमोर तशी सूचना उमटते. जुन्या गाड्यांत ही सोय नाहीं. आणि जुन्या गाड्या हौसेनें जतन करून रस्त्यावर चालविणारांची संख्या जगांत कमी नाहीं. अशा गाड्यांत जर्मनीची फोक्सवागेन ही सर्वांत परिचित म्हणावी लागेल. पाठ कासवासारखी वाटोळी, इंजिन मागल्या अंगास, सामान ठेवण्याची जागा पुढल्या अंगास, असें हिचें उलटें रूप. जर्मन लोक तिला लाडानें 'केफर' म्हणजे भुंगेरा म्हणतात. फर्डिनांड पोर्शे यानें तिचा आराखडा केला, १९३८ सालीं तिच्या कारखान्याची कोनशिला बसली, आणि महायुद्ध संपल्यावर १९४५ च्या अखेरीस ब्रिटिश लष्कराच्या देखरेखीखालीं तिचें नागरी उत्पादन खऱ्या अर्थानें सुरू झालें. १९७२ च्या फेब्रुवारींत तिनें फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडीचा उच्चांक मागें टाकला. जर्मनींत ती १९७८ पर्यंत तयार होत होती. मेक्सिकोंतील प्वेब्ला येथें शेवटची गाडी २००३ च्या जुलैंत बाहेर पडली, तेव्हां एकूण आंकडा २,१५,२९,४६४ झाला होता. जर्मनींत १९९७ पासून, तीस वर्षें पुरीं झालेल्या व मूळ स्वरूपांत राखलेल्या गाडीच्या नंबरपाटीवर शेवटीं 'एच' हें अक्षर घालण्याचा मान मिळूं शकतो. तो मान मिळाला तरी ठराविक मुदतीनें होणारी सरकारमान्य तपासणी टळत नाहीं. आणि त्या तपासणींत मागल्या दिव्यांकडे बारकाईनें पाहिलें जातें.

या गाडीच्या मागल्या दिव्यांचा इतिहासहि पाहण्यासारखा आहे. १९५२ च्या ऑक्टोबरपर्यंत ब्रेकचा दिवा एकच असे आणि तो इंजिनाच्या झांकणावर, नंबरपाटी उजळणाऱ्या दिव्याच्याच कवचांत, मध्यभागीं बसविलेला असे. त्यानंतर तो दोन्ही बाजूंच्या दिव्यांत गेला. वळण्याची खूण करण्यासाठीं दाराच्या मागल्या खांबांतून एक लहानसा उजळलेला हात बाहेर येत असे. जर्मनींतील गाड्यांवर त्याच्या जागीं लुकलुकणारे दिवे आले ते १९६० सालीं. पुढल्याच वर्षीं मागला दिवा मोठा झाला, आणि वळणाच्या दिव्यास त्याच कवचांत स्वतंत्र कप्पा मिळाला. म्हणजे रात्रीं सतत जळणारा दिवा, ब्रेक दाबतांच उजळणारा दिवा आणि वळतांना लुकलुकणारा दिवा हे तीन वेगळे नोकर एकाच खोलींत राहूं लागले. त्यांच्या या सहवासांतच पुढें सांगावयाच्या कोड्याचें मूळ आहे.

कोडें समजण्यापूर्वीं विजेच्या एका साध्या नियमाची उजळणी करावयास हवी. बॅटरींतून निघालेला प्रवाह दिव्यांतून जाऊन पुन्हां बॅटरीला परत मिळाला पाहिजे. जाण्याची वाट आहे पण येण्याची नाहीं, असें झाल्यास प्रवाह वाहतच नाहीं. घरांत या दोन वाटांसाठीं दोन तारा असतात. मोटारींत मात्र परतीच्या वाटेचें काम गाडीच्या लोखंडी अंगाकडूनच करून घेतात. बॅटरीचें एक टोंक, या गाडींत ऋण टोंक, जाड पट्टीनें गाडीच्या अंगाला जोडलेलें असतें. यामुळें निम्मी तार वांचते. या परतीच्या वाटेला कारागीर 'अर्थिंग' म्हणतात. जाणारी तार डोळ्यांना दिसते, तिला रंग असतो, तिच्या टोंकाला नंबर असतो. परतीची वाट दिसत नाहीं. तिच्याकडे दुर्लक्ष होतें तें यामुळेंच.

जर्मन कारखान्यांनीं दिसणाऱ्या तारांच्या बाबतींत मोठी शिस्त पाळलेली आहे. त्यांच्या प्रमाण-संस्थेनें प्रत्येक जोडाला नंबर नेमून दिला आहे. ३० म्हणजे बॅटरीकडून सरळ येणारी, कधींहि न तुटणारी वाट. १५ म्हणजे किल्ली फिरविल्यावर जिवंत होणारी. ३१ म्हणजे अर्थिंग. ५४ म्हणजे ब्रेकचा दिवा. ५८ म्हणजे रात्रीचा मागला दिवा व नंबरपाटीचा दिवा. डाव्या आणि उजव्या वळणाला अनुक्रमें 'एल' व 'आर' हीं अक्षरें. रंगांचीहि अशीच भाषा ठरलेली आहे. तपकिरी तार अर्थिंगची, तांबडी बॅटरीची, काळी किल्लीमागची, करडी मागल्या दिव्याची. ब्रेकच्या दिव्याची तार काळी असून तिच्यावर तांबडी रेघ. डाव्या वळणाची काळीवर पांढरी, उजव्या वळणाची काळीवर हिरवी. हा कोश ज्याला पाठ आहे त्याला अनेक जर्मन गाड्यांचें वायरिंग नकाशावांचूनहि बरेंचसें वाचतां येतें. अडचण येते ती मधल्या पन्नास-साठ वर्षांत कोणीं कोणीं हात घातला असेल याची. एखाद्या कारागिरानें हातांत सांपडेल त्या रंगाचा तुकडा जोडलेला असतो, आणि मग करडी तार अर्ध्या वाटेवर निळी होते. म्हणून रंगावर विश्वास ठेवावा, पण दोन्ही टोंकें तपासून ठेवावा.

आतां कोडें. सहा व्होल्टांच्या काळांतील, म्हणजे साधारणपणें १९६७ पूर्वींची, अशी एखादी गाडी घेऊं. मालकानें तिला नवा रंग दिला आहे, नवीं मडगार्डें बसविलीं आहेत. रात्रीं दिवे लावून तो गाडीच्या मागें जाऊन पाहतो. दोन्ही तांबडे दिवे नीट लागलेले दिसतात. समाधानानें तो गाडींत बसतो. परंतु मागून येणाऱ्या मित्राला निराळेंच दिसतें. ब्रेक दाबतांच उजवा दिवा प्रखर होतो, आणि डावा प्रखर होण्याऐवजीं जवळजवळ विझतो. ब्रेक सोडला कीं डावा पुन्हां लागतो. दिवसा, दिवे बंद असतांना, ब्रेक दाबला तर डावा दिवा नीट लागत नाहीं, उलट नंबरपाटीचा दिवा उगाच किंचित् मिणमिणतो. मालक डावा बल्ब बदलतो, फरक नाहीं. फ्यूज बदलतो, फरक नाहीं. तारा एकमेकींत गुंतल्या आहेत अशी त्याची खात्री होते आणि तो नीट असलेल्या तारा उलट्यासुलट्या करूं लागतो. येथून पुढें जो घोटाळा होतो तो निस्तरण्यास दिवस लागतात.

वस्तुतः तारा सर्व बरोबर आहेत. तुटली आहे ती न दिसणारी वाट. मागल्या दिव्याच्या बल्बांत दोन तंतु असतात. एक ५ वॉटचा, रात्रभर जळणारा. दुसरा २१ वॉटचा, ब्रेकचा. कांहीं जुन्या बल्बांत तो १८ वॉटचा असतो. दोन्ही तंतूंचीं एकेक टोंकें बल्बाच्या तळाशीं वेगवेगळ्या ठिपक्यांना जोडलेलीं असतात, आणि उरलेलीं दोन टोंकें एकत्र होऊन बल्बाच्या पितळी कवचाला मिळतात. कवच होल्डरला, होल्डर दिव्याच्या घराला, घर मडगार्डला आणि मडगार्ड गाडीच्या अंगाला टेकलेलें असतें. परतीची वाट ती हीच. आतां नव्या रंगाच्या थरामुळें मडगार्ड आणि गाडीचें अंग यांचा संबंध तुटला असें समजावें. रात्रीचा दिवा लावला कीं ५८ नंबरच्या तारेनें प्रवाह लहान तंतूंतून कवचापर्यंत येतो. पुढें वाट बंद. परंतु त्याच कवचाला ब्रेकच्या तंतूचें टोंक जोडलेलें आहे. प्रवाह त्या तंतूंतून उलटा शिरतो, ब्रेकच्या तारेंत जातो, त्या तारेनें उजव्या दिव्यापर्यंत पोंचतो, आणि उजव्या दिव्याचें अर्थिंग शाबूत असल्यामुळें तेथून बॅटरीकडे परत जातो. पुढचें दार लागलेलें पाहून पाहुण्यानें शेजाऱ्याच्या घरांतून बाहेर पडावें, तसाच हा प्रकार होय.

या आडवाटेनें गेलेला प्रवाह दिवा चांगला पेटवूं शकतो, याचें कारण गणितांत आहे. सहा व्होल्टांवर ५ वॉटच्या तंतूचा अवरोध सुमारें ७.२ ओहम असतो. २१ वॉटच्या जळत्या तंतूचा अवघा १.७ ओहम, आणि तो थंड असतांना त्याहूनहि पुष्कळ कमी. वाटेंत असे दोन थंड, जाड तंतु आले तरी त्यांचा अडथळा क्षुल्लक असतो. जवळजवळ सर्व दाब लहान तंतूलाच मिळतो आणि तो नेहमींसारखा उजळतो. जाड तंतूंना उजळण्यास साडेतीन अँपिअर लागतात. त्यांतून जातो एक अँपिअरहूनहि कमी. म्हणून ते काळेच राहतात. पाहणाराला सर्व आलबेल दिसतें. आतां ब्रेक दाबला. ब्रेकच्या तारेंत बॅटरीचा पूर्ण दाब आला. जी तार इतका वेळ परतीची वाट झाली होती तीच आतां पुरवठ्याची वाट झाली. लहान तंतूच्या एका टोंकाला सहा व्होल्ट, दुसऱ्या टोंकालाहि जवळजवळ तेवढेच. दाबांत फरक नाहीं म्हणून प्रवाह नाहीं. आणि दिवा विझतो. वळणाचा दिवा त्याच घरांत असल्यास कांहीं प्रवाह त्याच्या तंतूंतून पुढल्या बाजूच्या वळणदिव्याकडे निसटतो, आणि ब्रेक दाबतांच गाडीच्या पुढल्या कोपऱ्यांत एक पिंवळा दिवा मिणमिणूं लागतो. पण तीन जाड तंतूंत वांटला गेलेला तो दाब कोणासहि धड पेटवूं शकत नाहीं.

या दोषाचा खरा धोका येथेंच आहे. पूर्ण विझलेला दिवा निदान प्रामाणिक असतो. तो एक दिवस कोणाच्या तरी दृष्टीस पडतो. हा दिवा मात्र मालकानें मागें येऊन पाहिलें कीं लागलेला असतो, आणि ज्या क्षणीं त्याची गरज पडते नेमक्या त्याच क्षणीं मालवतो. मागच्या चालकाला तांबडा उजेड वाढलेला दिसण्याऐवजीं कमी झालेला दिसतो. रात्रीच्या अंधारांत याचा अर्थ पुढली गाडी दूर चालली आहे असाहि होऊं शकतो.

अर्थिंग तुटण्याचीं कारणें अनेक असतात आणि बहुतेक सगळीं साधीं असतात. या गाडीचें मडगार्ड बोल्टांनीं बसविलेलें असून तें आणि गाडीचें अंग यांमध्यें एक पट्टी असते. म्हणजे वीज जाण्यास बोल्टांच्या आट्यांवांचून फारशी जागा उरत नाहीं. चाकांनीं उडविलेलें पाणी व चिखल तेथें सतत साचतो, आट्या गंजतात, गंज वीज नीट वाहूं देत नाहीं. दिव्याच्या घराखालीं रबराची गादी असते. तेथेंहि परतीचा मार्ग काय तो स्क्रूंतून. त्यांत नवा रंग दिला म्हणजे गंजानें जें अर्धवट केलें होतें तें रंगानें पुरें होतें. म्हणून मळकट, न दुरुस्त केलेल्या गाडीचे दिवे नीट लागतात आणि हजारों मार्क किंवा युरो खर्चून नवी केलेली गाडी हट्ट धरून बसते, हा अनुभव जुन्या गाड्यांच्या जगांत नित्याचा आहे. कोणी काच-तंतूंचीं मडगार्डें बसवितात. तीं वीज मुळींच वाहून नेत नाहींत, तेव्हां स्वतंत्र तार दिल्यावांचून तेथें गत्यंतर नसतें.

दुसरी अडचण सहा व्होल्टांचीच. २१ वॉटच्या दिव्याला बारा व्होल्टांवर पावणेदोन अँपिअर पुरतात. सहा व्होल्टांवर साडेतीन लागतात. ब्रेकचे दोन दिवे मिळून सात अँपिअर झाले. एक चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार पांच मीटर लांब घेतली तर तिचा अवरोध एका ओहमच्या नऊ शतांशांइतका भरतो. त्यांतून सात अँपिअर गेले कीं सहा दशांश व्होल्ट वाटेंतच खर्ची पडतात. म्हणजे सहा व्होल्टांतील एक दशांश हिस्सा. तीच तार बारा व्होल्टांच्या गाडींत घातली तर नुकसान तीन दशांश व्होल्टांचें, म्हणजे शेंकडा अडीच. शिवाय दिव्याचा उजेड दाबाच्या मानानें फार झपाट्यानें घटतो. दाब शेंकडा दहानें उतरला तर उजेड शेंकडा तीसच्या आसपास उतरतो. सहा व्होल्टांतला एक व्होल्ट वाटेंत गेला तर उजेड जवळजवळ निम्मा होतो. तेव्हां गंजलेला जोड, सैल झालेला फ्यूज, तुटत आलेली तार, असे जे दोष बारा व्होल्टांच्या गाडींत डोळ्याआड होतात ते या गाडींत लगेच उघडे पडतात. सहा व्होल्टांची गाडी मुळांतच अंधुक असते ही समजूत बरोबर नाहीं. तिला स्वच्छ जोड हवे असतात.

दोष शोधण्यास क्रम असावा. पहिली परीक्षा अर्थिंगची, कारण ती सर्वांत सोपी आणि बहुधा तीच निर्णायक ठरते. या गाडीची बॅटरी मागल्या बैठकीखालीं असते. तिच्या ऋण टोंकापासून एक जाड तार आणून ती बिघडलेल्या दिव्याच्या होल्डरला क्षणभर टेकवावी आणि दुसऱ्या माणसानें ब्रेक दाबावा. दिवा नीट उजळला तर रोग कळला; दिव्याच्या पुरवठ्याच्या तारांना हात लावण्याचें कारण उरलें नाहीं. मग घर काढून स्क्रूची व मडगार्डाच्या बोल्टांची बैठक चकचकीत होईपर्यंत खरवडावी, दांतेरी वॉशर घालावा, आणि सर्व आवळून झाल्यावर वरून गंजरोधक ग्रीसचा हात द्यावा. याहून खात्रीचा उपाय म्हणजे होल्डरपासून गाडीच्या अंगापर्यंत एक तपकिरी तार कायमची टाकणें. ती बाहेरून दिसत नाहीं, गाडीच्या मूळ रूपाला बाध आणीत नाहीं, आणि मडगार्डाच्या लहरीवर दिव्यास अवलंबून ठेवीत नाहीं.

दुसरी परीक्षा बल्बाची. दोन तंतूंच्या बल्बाच्या कवचावरील दोन टोंचे समान उंचीवर नसतात. हेतु हा कीं बल्ब उलटा बसूं नये. परंतु होल्डर झिजला असला किंवा बळ केलें तर तो उलटा बसतो, आणि मग रात्रभर प्रखर दिवा जळतो व ब्रेक दाबल्यावर मंद दिवा लागतो. बल्बावरील व्होल्टचा आंकडाहि वाचून पाहावा. सहा व्होल्टांच्या गाडींत बारा व्होल्टांचा बल्ब गेला असेल तर तो निखाऱ्यासारखा तांबूस जळतो. आणि वायरिंगाला उगाच दोष लागतो.

तिसरी परीक्षा फ्यूजची. या गाडींतील फ्यूज म्हणजे पांढऱ्या किंवा तांबड्या रंगाची एक लहानशी कांडी. तिच्या पाठीवरून धातूची पट्टी गेलेली असते आणि दोन स्प्रिंगांच्या चिमट्यांत ती धरलेली असते. पांढरी ८ अँपिअरांची, तांबडी १६ अँपिअरांची. कांडीचीं टोंकें व चिमटे काळवंडतात. फ्यूज शाबूत असूनहि प्रवाह अडखळतो. टोंकें घांसून, चिमटे किंचित् दाबून कांडी पुन्हां बसविली तर पुष्कळदां दिवा लगेच तेजाळतो. अनेक गाड्यांत डाव्या आणि उजव्या मागल्या दिव्यांना वेगवेगळे फ्यूज दिलेले असतात. त्यांतील दूरदृष्टि अशी कीं एक फ्यूज गेला तरी गाडी रात्रीं पूर्ण अंधारांत जाऊं नये.

चौथी परीक्षा ब्रेकच्या स्विचची. या गाडींत तो पायाजवळ नसून ब्रेकचें तेल ज्या मुख्य नळकांड्यांत दाबलें जातें त्यालाच बसविलेला असतो. तेलाचा दाब वाढला कीं आंतील पडदा हलतो व दोन टोंकें जुळतात. म्हातारा झालेला स्विच अधिक दाब मागूं लागतो. हलका ब्रेक लावला तर दिवा लागत नाहीं, जोरानें लावला तर लागतो. स्विचच्या तारा काढून एकमेकींस टेकविल्यावर दिवे उजळले तर दोष स्विचचा. स्विच बदलतांना तेल गळतें व हवा आंत शिरते, म्हणून त्यानंतर ब्रेकमधील हवा काढल्यावांचून गाडी रस्त्यावर नेऊं नये.

एवढें करूनहि दिवा मंदच राहिला तर व्होल्टमीटर घ्यावा. येथें एक चूक सर्रास होते. बल्ब काढून रिकाम्या होल्डरांत दाब मोजतात, पुरे सहा व्होल्ट भरतात, आणि तार निर्दोष ठरवितात. तारेचे सर्व धागे तुटून एकच धागा उरला असला तरी प्रवाह वाहत नसतांना मीटर पूर्ण दाब दाखवितो. विहिरीच्या बुजत आलेल्या पाटाच्या तोंडाशींहि पाणी विहिरीइतक्याच उंचीवर उभें राहूं शकतें, वाहूं लागल्यावरच त्याची गरिबी दिसते. म्हणून बल्ब जागेवर ठेवून, ब्रेक दाबलेला असतांना, मोजावें. मीटरचें एक टोंक बॅटरीच्या ऋणाला व दुसरें बल्बाच्या कवचाला लावलें तर परतीच्या वाटेंतील नुकसान कळतें. तें एक-दोन दशांश व्होल्टांहून अधिक नसावें. तसेंच एक टोंक बॅटरीच्या धनाला व दुसरें दिव्याच्या पुरवठ्याच्या जोडाला लावलें तर जाण्याच्या वाटेंतील नुकसान कळतें. मग एकेक जोड ओलांडीत मागें मागें यावें. जेथें आंकडा एकदम उतरतो, तेथें रोग.

या कामांत दोन मोह पडतात आणि दोन्ही घातक आहेत. पहिला मोह फ्यूज वरचेवर वितळतो म्हणून त्याच्या जागीं अधिक अँपिअरांचा फ्यूज किंवा चांदीचा कागद गुंडाळून बसविण्याचा. फ्यूज वितळतो याचा अर्थ कोठें तरी तारेचें वेष्टण सोलवटून तांबें पत्र्याला टेकत आहे. बहुधा जेथें तार पत्र्याच्या भोंकांतून जाते व तेथील रबरी कडें सुकून गळून पडलें आहे तेथें. फ्यूजला मुका केला तर त्याच्या ऐवजीं तार तापते. जुन्या तारांवर सुती विणीचें वेष्टण असतें, इंजिन जवळ असतें, आसपास तेलाचे ओघळ असतात. पुढें काय होऊं शकतें हें सांगावयास नको. दुसरा मोह दोष न शोधतां नव्या तारांचें जाळें टाकण्याचा. मूळच्या तारेचें टोंक तसेंच लोंबत राहतें, नव्या तारेला नंबर नसतो, रंग जुळत नाहीं. आणि आज सुटलेलें कोडें पुढल्या मालकासाठीं दुप्पट होऊन बसतें. तार बदलावीच लागली तर त्याच रंगाची, निदान तेवढ्याच जाडीची घ्यावी, आणि जोड पिळून चिकटपट्टी गुंडाळण्याऐवजीं दाबून बसविलेल्या टोंकांचा करावा.

सर्व आवरल्यावर परीक्षेचा एक जुना व सोपा मार्ग आहे. रात्रीं गाडीची पाठ एखाद्या पांढऱ्या भिंतीकडे करून उभी करावी, चालकाच्या जागीं बसावें आणि मागचें पाहण्याच्या आरशांत नजर ठेवून दिवे लावावे, ब्रेक दाबावा, डावें-उजवें वळण दाखवावें. भिंतीवर दोन तांबडे गोल उमटतात. ब्रेकबरोबर दोन्ही सारखे वाढले पाहिजेत आणि वळणाच्या लुकलुकण्यानें त्यांपैकीं कोणताहि थरथरतां कामा नये. दर महिन्यास यासाठीं दोन मिनिटें पुरतात. जो दिवा दुसऱ्यासाठीं जळतो तो मालकास एकट्यानें पाहतां येण्याचा हा साधा प्रकार आहे. आणि मागून येणाऱ्या अनोळखी माणसाचें जें देणें त्या दिव्यानें अंगावर घेतलेलें असतें, तें चुकतें होत आहे कीं नाहीं हें त्या भिंतीवर स्वच्छ वाचतां येतें.